टाइप १ मधुमेह: पेशीरोपणाच्या चाचणीत लेकीला जाऊ द्यावं का?

म्हापशाची आई: लेक २१ वर्षांची, टाइप १, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. गेल्या चवथीला गणपतीवरच्या माटोळीचं सामान बांधता बांधता मटकन खाली बसली. साखर ३८ वर उतरलेली! घाम नाही, थरथर नाही, तिला काही जाणवलंच नव्हतं. दातखीळ बसलेली, मी हिरड्यांना मध चोळत होते. झिमिस्लेसेल या नव्या उपचाराच्या चाचणीत स्टेम सेलपासून (मूळ पेशींपासून) बनवलेल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी यकृताच्या शिरेत सोडतात. २०२५च्या निकालात पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांची इन्सुलिनची इंजेक्शनं वर्षभरात सुटली. अशी चाचणी आपल्याकडे आली तर मी तिला पाठवणार.

फोंडेकर: माझा विरोध. इन्सुलिन सुटतं, पण त्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मागे लागतात. त्याच चाचणीत दोघे वारले, त्यातला एक बुरशीच्या मेनिंजायटिसने (मेंदूच्या आवरणाला सूज). माझ्या भावाची किडनी बदललीय. साधा ताप आला तरी रातोरात बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठावं लागतं. आणि यातल्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. मुलगी २१ची आहे, बाय!

म्हापशाची आई: गोळ्यांशिवाय तुमचा भाऊ जगला नसता, म्हणून घेतो ना? रात्री तीनला उठून मी तिचा श्वास बघते, बाब.

फोंडेकर: मग आधी सेन्सर लावा. साखर उतरली की मोबाइल वाजतो.

म्हापशाची आई: लावलाय. तिला गाढ झोपेत ऐकू येत नाही, मला येतं. उद्या ती नोकरीला पुण्याला गेली तर?

डिचोलीचा केमिस्ट: मध्येच बोलतो, कारण दुकानात रोज विचारतात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या, २०२३ला प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यात २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह निघाला, पण त्यातला बहुतेक टाइप २. ही चाचणी त्यांच्यासाठी नाही. 'स्टेम सेलने शुगर बरी' म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. खरी चाचणी सीटीआरआय या सरकारी चाचणी-नोंदवहीत नोंदलेली असते. औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते. मधूनच बाहेरही पडता येतं, पण आत गेलेल्या पेशी परत काढता येत नाहीत, हे सहीआधी नीट विचारून घ्या.

फोंडेकर: म्हणूनच म्हणतो, थांबा. स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत जनुकं बदललेल्या, इन्सुलिन करणाऱ्या पेशी घातल्या. १२ आठवड्यांनंतरही त्या पेशी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांशिवाय टिकून होत्या. इन्सुलिन सुटलं नाही, तरी माझी आशा तिथे आहे.

म्हापशाची आई: एका रुग्णावर किती वर्षं थांबू?

फोंडेकर: लेकीला विचारलंत?

म्हापशाची आई: काल विचारलं. म्हणाली, "आधी त्या गोळ्यांची यादी आण, मग बोलू."