विषय : शाळा सुटताना फाटकाबाहेर उभे राहण्याबाबत

प्रति : सर्व सभासद, इंदूर

सप्रेम नमस्कार.

आमच्या वसाहतीतील शाळा दुपारी सुटते, तेव्हा फाटकासमोर व्हॅन आणि ई-रिक्षा दुहेरी रांगेत उभ्या असतात आणि मुले त्यांच्या फटीतून थेट रस्त्यावर येतात. मंडळातील निवृत्त सभासदांनी पाळीपाळीने तेथे उभे राहून वाहने थांबवावीत, अशी माझी विनंती आहे.

एक पालक, राजेंद्रनगर

उत्तर :

ताई, सादर नमस्कार.

आपली सूचना मनापासून पटली आणि मी स्वतः येण्यास तयार आहे. मात्र वाहने नव्हे, तर मुले थांबवणे हे आपले काम असावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. ब्रिटनमध्ये शाळेपाशी फलक घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला १९५३ च्या कायद्याने वाहने थांबवण्याचा अधिकार मिळाला, आणि माझी नात तिकडे त्याच भरवशावर रस्ता ओलांडते. आपल्याकडे हा अधिकार वाहतूक पोलिसांचा आहे. आपण हात वर केला आणि एखादा दुचाकीस्वार थांबलाच नाही, तर त्या हाताच्या विश्वासाने निघालेले मूल भर रस्त्यात सापडेल. म्हणून आधी मुख्याध्यापिकांच्या सहीने वाहतूक ठाण्यात अर्ज द्यावा.

खरा धोका उभ्या व्हॅनचा आहे. पहिली-दुसरीतले मूल तिच्या आडून बाहेर येईपर्यंत कोणाच दुचाकीस्वाराला दिसत नाही, आणि समोरून येणाऱ्या गाडीचा वेग त्या वयात नीट जोखताही येत नाही. फाटकाच्या दोन्ही अंगांना जागा मोकळी ठेवण्याबद्दल व्हॅनवाल्यांशी गोडीने बोलावे.

आणखी एक गोष्ट, अवघड असली तरी स्पष्ट लिहितो. पालकांना कितीही उशीर झाला, तरी स्वयंसेवकाने मुलाला आपल्या गाडीवरून घरी सोडू नये. त्याला वर्गशिक्षिकांच्या स्वाधीन करावे. नेहमी दोघांनी मिळून उभे राहावे, त्यांत एक महिला असावी आणि दोघांची नावे शाळेच्या दप्तरी असावीत. घरी न विचारता ओळखीच्या माणसाबरोबरही जायचे नाही, ही मुलांना लावलेली शिस्त आपल्या हातून मोडता कामा नये. एखाद्या मुलाने लैंगिक त्रासाबद्दल काही सांगितले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

प्रत्युत्तर :

काका, नमस्कार.

सर्व मुद्दे मान्य आहेत. अर्जाचा मसुदा घेऊन मी सोमवारी मुख्याध्यापिकांना भेटते आणि व्हॅनवाल्यांशीही बोलते. दुपारसाठी आपण आणि मी आहोतच. सकाळच्या पाळीसाठी आणखी दोन सभासदांनी कृपया नावे कळवावीत.