विषय: ट्रॅव्हल ट्रेलरची जमीन मऊ पडली आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,
आमच्या ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) पुढच्या पलंगाच्या पायथ्याशी, बाहेरच्या भिंतीलगत, जमीन पाय ठेवला की दबते. वरचं व्हिनाइल कोरडं आहे, पण कडेने उचललं तर खालचं लाकूड काळपट, ओलं, आणि कुबट वास. मुलं त्याच पलंगावर झोपतात, त्यामुळे काळजी वाटते. तेवढा भाग कापून नवीन प्लायवुड बसवावं असा विचार आहे. कुणी हे काम केलंय का?

---

उत्तर: विषय वरीलप्रमाणे

ताई, प्लायवुड इतक्यात आणू नका. पाणी कुठून येतंय ते कळण्याआधी जमीन बदलली तर नवं लाकूडही तिथेच कुजेल. आणि ओल दिसते तिथेच भोक असेल असं धरून चालू नका. छताच्या कडेने शिरलेलं पाणी भिंतीच्या आतल्या चौकटीवरून उतरत भलत्याच कोपऱ्यात बाहेर येतं.

आधी ट्रेलरच्या आतलं नळाचं पाणी तपासा. टाकीतून नळांना पाणी देणाऱ्या पंपाचं बटण चालू, सगळे नळ बंद, आणि कान देऊन थांबा. कुणी नळ उघडलेला नसताना पंप मधूनच सुरू होत असेल, तर बहुतेक एखादा पाइप किंवा जोड गळतोय. पंप गप्प राहिला तरी सांडपाण्याची बाजू उरते, ती दाबाखाली नसते. सिंक भरून एकदम सोडा आणि खाली हात लावून बघा. शॉवरचा ड्रेन आणि टॉयलेटचा तळही बघा.

हे सगळं कोरडं निघालं तर बाहेर या. साध्या पाइपने पाणी मारा, प्रेशर वॉशरने नको, त्याने चांगलं सीलही उखडतं. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं, प्रत्येक टप्प्यावर थांबून. आत एक जण टॉर्च घेऊन बसलेला हवा. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतात आणि काहीच कळत नाही. माझा संशय बाहेरून पुढच्या बाजूला वर बसवलेल्या दिव्यांवर, कोपऱ्याच्या पट्टीवर आणि ऑनिंगच्या (दाराबाहेरच्या कापडी छपराच्या) रेलच्या स्क्रूंवर आहे.

एक कळकळीची विनंती: रबरी छतावर सिलिकॉन लावू नका. ते तिथे नीट धरत नाही, आणि पुढे त्यावर दुसरं सीलंटही बसत नाही. सपाट भागाला आपोआप पसरणारं लॅप सीलंट (छताचे सांधे बुजवायचा लेप), उभ्या भागाला न ओघळणारं, आणि दिवे-खिडक्यांच्या मागे ब्यूटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी). खिडकीच्या चौकटीखालची बारीक भोकं मात्र कधीही बुजवू नका, आलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं.

---

उत्तर: विषय वरीलप्रमाणे

वर उत्तर देणाऱ्या काकांच्या सांगण्यात एक भर. ट्रेलरच्या पोटाखाली काळं आवरण असेल तर ते एखाद्या ठिकाणी फुगून लोंबतंय का बघा. गळकं पाणी त्यात साचून राहतं आणि जमीन खालूनही भिजत राहते. तसं असेल तर तिथे चीर देऊन पाणी काढा, नंतर टेपने बंद करता येतं.

काही ट्रेलरची जमीन म्हणजे दोन पातळ प्लायमध्ये फोमचा थर असतो. वरून पंखा लावला की पृष्ठभाग लवकर सुकतो आणि आतली ओल तशीच राहते. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, लाकडातली ओल मोजणारं मॉइश्चर मीटर वापरा. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर असेल तर कुज चालू राहू शकते, १५ च्या खाली आल्याशिवाय झाकू नका. स्क्रूड्रायव्हर सहज आत शिरतो तेवढं लाकूड कापून टाका, त्यावर कडक करणारं रसायन ओतून निभावत नाही. कापताना मास्क घाला, आणि बुरशी निघेपर्यंत मुलांना तिथे झोपवू नका.

---

उत्तर: विषय वरीलप्रमाणे

काका, मंडळी, मनापासून आभार. पंप गप्प होता, सिंकही ठीक. पाइपचं पाणी वरच्या कोपऱ्यातल्या दिव्यापर्यंत गेलं आणि थोड्याच वेळात आतून हाक आली, पलंगामागच्या फळीवर थेंब. दिवा काढला तर मागची टेप कोरडी पडून तुटलेली. जुनं सगळं खरवडून नवीन ब्यूटिल घातलं आहे, बाकीचे दिवेही याच शनिवारी काढणार.

पोटाखालचं आवरणही लोंबत होतं. चीर दिली, बरंच पाणी निघालं. डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) आणि पंखा चालू आहेत. मीटर भिंतीलगत अजून २४ दाखवतोय, म्हणून व्हिनाइल उघडंच ठेवलं आहे आणि मुलांची गादी मागच्या बाजूला हलवली आहे. जमिनीची कुजलेली पट्टी कापायची ठरली तर खालच्या आडव्या बॅटनपर्यंत (आधाराच्या लाकडापर्यंत) कापू की त्याच्याही पुढे? फोटो वेगळ्या मेलने पाठवते.