कॉलेजच्या वेलनेस कार्यक्रमाचा आजूबाजूच्या लोकांना खरंच फायदा होतो का?

प्रश्न
आमच्या कॉलेजात वेलनेस कार्यक्रम सुरू करायचं घाटतंय आणि समन्वयकाची माळ माझ्या गळ्यात पडली आहे. मी संख्याशास्त्र शिकवतो, व्यायामाशी माझा संबंध जिने चढण्यापुरता. प्रस्तावात 'परिसरातील नागरिकांना होणारे लाभ' असा रकाना आहे. थापा मारून तो भरायचा नाहीये. कोणी प्रत्यक्ष चालवलाय का असा कार्यक्रम?

उत्तर १
सर, मी क्रीडाशिक्षिका. नऊ वर्षं चालवतेय, म्हणून आधी फसलेलं सांगते. पहिल्या वर्षी सकाळी साडेसहाचा वर्ग ठेवला. आले कोण? आधीपासून पळणारेच. तुमच्या विषयातलंच उदाहरण देते: अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच जवळपास ५००० कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि वेलनेस कार्यक्रम तपासला. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. वैद्यकीय खर्चात फारसा फरक नाही, आणि भाग घेणारे मुळातच जास्त निरोगी. वाचून बरं वाटलं, आम्हीच मूर्ख नव्हतो!

मग वर्ग दुपारी दोनला नेला, सफाईच्या मावशींची पाळी संपते तेव्हा. पहिल्या आठवड्यात चौघी आल्या, साडीचा पदर खोचून.

बाहेरची माणसं मात्र रक्तदाबाच्या तपासणीमुळे आली. मुलांना मोजायला शिकवलं: पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, मोजताना गप्पा नाहीत. (गप्पा बंद करणं सगळ्यात अवघड.) गेटवरच्या काकांचा वरचा आकडा १६८ आला. थोड्या वेळाने पुन्हा मोजला, तेवढाच. ते म्हणाले, "मला काही होत नाही हो." दोन मुलं त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेली. पुढच्या महिन्यात काका बायकोला आणि शेजाऱ्याला घेऊन हजर. आमच्या पत्रकांनी जे झालं नाही ते काकांनी केलं.

उत्तर २
मॅडमशी सहमत, पण समुपदेशन बाहेरच्यांना खुलं करायची घाई नको. मी समुपदेशक आहे. आम्ही मोठा फलक लावला आणि आमच्याच मुलांना तीन आठवडे थांबावं लागलं. 'मोकळेपणी बोला' म्हणायचं आणि तारीख पुढच्या महिन्याची द्यायची, हे वाईट.

त्यापेक्षा सीपीआर शिकवा, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवायचा प्रयत्न. सरावाचा पुतळा एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटीमीटर. एका दुपारी वीस-पंचवीस जणांना जमतं.

प्रश्नकर्ता
आभार दोघांचे. मग त्या रकान्यात लिहू काय? उपस्थितीचा आकडा?

उत्तर १
उपस्थितीने काहीच कळत नाही, सर. तपासणीत ज्यांचा १४०/९० च्या वर निघाला त्यातले किती डॉक्टरांपर्यंत पोचले, ते लिहा. आमच्याकडे पहिल्या वर्षी ही नोंदच नव्हती. आता एका मुलीकडे वही आहे, ती फोन करकरून पिच्छा पुरवते. मैदान बाहेरच्यांसाठी संध्याकाळी किती वाजता उघडणार आणि त्या वेळी दिवे, पाणी, स्वच्छतागृह चालू असेल का, तेही लिहा. आमच्या गेटावर 'सर्वांसाठी खुले' लिहिलं होतं आणि कुलूप मात्र तसंच, म्हणून सांगतेय.

आणि रक्तदाबाच्या यंत्रासोबत मोठा पट्टाही मागवा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा उगाच जास्त येतो. आम्ही एका बाईंना विनाकारण घाबरवून सोडलं होतं.