ग्रामीण डाक सेवकांचा संप: कागदावरचे चार तास आणि कॅलेंडरातली तारीख

लाखसील:
आठव्या वेतन आयोगाची चर्चा सुरू झाली आणि ग्रामीण डाक सेवकांच्या, म्हणजे गावच्या शाखा डाकघरात अर्धवेळ काम करणाऱ्यांच्या, संपाची भाषा पुन्हा ऐकू येऊ लागली. मागण्या जुन्याच आहेत. डाक खात्याचे कर्मचारी म्हणून मान्यता द्या, आठ तासांचं काम द्या, पेन्शन द्या आणि समिती नेमायचीच असेल तर निवृत्त न्यायाधीशाची नेमा. माझ्या मते संप रास्त आहे, कारण भांडण नियमातल्या कामाच्या 'चार तास' या दोन शब्दांवर आहे.

शाखा डाकघराचा दिवस मोजून बघा. सब-पोस्टातून, म्हणजे वरच्या डाकघरातून, थैली येते. सील तपासायचं, थैली स्कॅन करायची, आतली बीओ स्लिप (शाखेसाठीची यादी), रोकड आणि स्पीड पोस्टचे नग ताळून घ्यायचे. एक नग कमी निघाला तर तिथंच 'एरर' नोंदवायची, नाहीतर तो नग आपल्या अंगावर. तारखेचा शिक्का मारून एबीपीएम (सहायक शाखा डाकपाल) वाटपाला निघतो. दोन-तीन वाड्या-वस्त्या, प्रत्येक नगाला मोबाईलवर सही किंवा शेरा. इकडे बीपीएम (शाखा डाकपाल) आरडी, म्हणजे आवर्ती ठेवीचे हप्ते, भरून घेतो, पासबुकं लिहितो, आधारवर पैसे काढून देतो. शेवटी दैनिक हिशेब, मर्यादेपेक्षा जास्त रोकड थैलीत घालून परत पाठवायची. एसटी तासभर उशिरा आली की हे सगळं तासभर पुढे. वर आयपीपीबीची (पोस्टाच्या पेमेंट्स बँकेची) खाती, विमा, 'लॉगिन डे'चं, म्हणजे ठरलेल्या दिवशी धंदा आणण्याच्या मोहिमेचं, टार्गेट. या सगळ्याला पहिल्या, म्हणजे चार तासांच्या, स्तरावरच्या बीपीएमला मूळ १२,००० आणि एबीपीएमला १०,०००. महागाई भत्ता वेगळा, मान्य.

हिशेबनीस:
भत्ता वेगळा आणि वर्षाला ३ टक्के वाढही वेगळी, तेही लिहा. नियमांत स्पष्ट आहे की सेवकाला कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त ५ तास काम, आणि उपजीविकेचं दुसरं साधन हवं. हे वाचून, दहावीच्या गुणांवर अर्ज करून लोक येतात. अटी मान्य करून नोकरी घ्यायची आणि मग 'आम्हाला पूर्णवेळ करा' म्हणत गावाचं टपाल अडवायचं, हे मला पटत नाही.

अडवणूक कुणाची होते तेही बघा. शहरात खात्याचे पोस्टमन बीटवर जातच राहतात. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये काढायला येणारी आजी मात्र गावातच अडकते. बँक तालुक्याला, जाऊन-येऊन एसटीचं भाडं आणि अर्धा दिवस. तिचे अंगठे झिजलेले, यंत्राला पटकन ओळख पटत नाही. शाखेतला माणूस बोटं पुसून, दुसरं बोट लावून, तीन-चारदा प्रयत्न करून ते काम करतो. बाहेरच्या केंद्रावर एवढा धीर कोण धरतो?

लाखसील:
तेच म्हणतोय. तो धीर कुठल्या कामाच्या मोजमापात बसतो?

आणि 'दुसरं साधन' हे कलम ईडी (एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, खात्याबाहेरच्या) एजंटांच्या काळातलं आहे, डाक सेवकांचं जुनं नाव ते. तेव्हा गावचे मास्तर, दुकानदार, शेतकरी हे काम जोडधंदा म्हणून करत. आता ऑनलाइन भरतीत परजिल्ह्यातला मुलगा लागतो. त्याचं तिथं ना शेत ना दुकान. बीपीएम म्हणून त्याच गावात राहायचं, पोस्टासाठी जागाही त्यानंच द्यायची. भरतीची पद्धत बदलली आणि कलम तसंच राहिलं, हे खात्यालाही कळत असणारच.

फडकं आणि शिक्का:
दोघांच्याही तपशिलात थोडी भर. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं राजम्मा प्रकरणात ठरवलं की हे एजंट 'सिव्हिल पोस्ट' (सरकारी पद) धारण करतात, पण नियमित सेवेच्या बाहेर आहेत. त्या निकालाचा पहिला अर्धा भाग संघटना वाचते, दुसरा अर्धा खातं. २००१ मध्ये नाव 'ग्रामीण डाक सेवक' झालं, पेच तोच राहिला.

संपानं मिळतं का? २०१८ बघा. डाक सेवकांच्या वेतनासाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१६ला आला आणि दीड वर्ष पडून राहिला. २२ मे २०१८ला संप सुरू झाला, सोळाव्या दिवशी, ६ जूनला, मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. वर लिहिलेले १२,०००-१०,००० त्यातलेच. पण त्याच मंजुरीत ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १.५ लाखांवरच थांबली आणि पेन्शनचा विषयही निघाला नाही. म्हणजे संपानं अडकलेली फाईल हलली. फाईलमध्ये जे लिहिलेलं नव्हतं ते मात्र मिळालं नाही.

आंबोलीकर:
संपाचा खर्च कुणी धरत नाही. त्या दिवसांचा पगार नाही, दिवस 'डायस नॉन', म्हणजे सेवेत धरलाच जात नाही. कारवाई झाली तर 'पुट ऑफ ड्यूटी', म्हणजे एक प्रकारचं निलंबन, मग मानधनाच्या थोड्याशा भागावर घर चालवा. आणि २०२३ला काय झालं ते विसरू नका. एप्रिलमध्ये केंद्राने एनएफपीई (टपाल कर्मचाऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ) आणि तिच्या ग्रुप सी संघटनेची मान्यता काढून घेतली. मान्यता गेली की बोलणीच्या टेबलावरची खुर्ची जाते. डाक सेवकांच्या संघटना वेगळ्या, पण इशारा सगळ्यांनाच होता.

माझ्या मते संपापेक्षा नियमानुसार काम हे हत्यार बरं. नियम पाच तास म्हणतो ना? मग पाच तास झाले की शटर खाली. लॉगिन डे नाही, रात्रीचे विम्याचे फोन नाहीत, स्वतःच्या मोबाईल डेटावर काम नाही.

लाखसील:
कागदावर छान दिसतं. शटर कुठलं, आंबोलीकर? पोस्ट त्याच्याच ओसरीवर. संध्याकाळी सात वाजता दारात आलेल्या म्हातारीला 'वेळ संपली' म्हणून परत पाठवणारा बीपीएम दुसऱ्या दिवशी त्याच गावात दुधाला जातो. शिवाय दैनिक हिशेब पाठवल्याशिवाय दिवस बंद होत नाही आणि नेटवर्क गेलं तर ते पाच तासांत बसतच नाही. अर्धवट सोडला तर 'हिशेब अपूर्ण' असा मेमो. नियमानुसार काम शहरातल्या सॉर्टिंग हॉलमध्ये चालतं, कारण तिथं पाळी बदलते.

हिशेबनीस:
हा मुद्दा मान्य. पण मग संपाची तारीख तरी शहाणपणानं निवडा. बचत खात्याचं व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळतं. सुकन्या आणि पीपीएफला ५ तारीख धरतात. १५ तारखेपर्यंत उघडलेल्या आरडीचा हप्ता १५च्या आत भरावा लागतो, नाहीतर शंभराला एक रुपया दंड. २०१८चा संप २२ मेला सुरू झाला आणि ५ जून गिळून गेला. आजच्या ८.२ टक्क्यांनी सुकन्येच्या हजार रुपयांचं महिन्याचं व्याज साधारण सात रुपये होतं. सात रुपये किरकोळ वाटतील, पण एकेका शाखेत अशी किती खाती असतात ते मोजा. त्यातल्या बहुतेकांकडे ऑनलाइन भरायची सोय नाही.

आरडीत चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि दोन महिन्यांत सुरू करून घ्यावं लागतं. आधीच तीन चुकलेल्याला संपाचा पंधरवडा चौथा ठरतो. २०२०च्या टाळेबंदीत दंड माफ झाला होता, संपासाठी मात्र वेगळा आदेश निघावा लागतो. तो मागणीपत्रात का नाही?

फडकं आणि शिक्का:
हे मात्र संघटनांनी उचलावं, खरंच. 'संपकाळातला खातेदारांचा दंड माफ करा' ही मागणी पहिल्या तीनांत असती तर निम्मं गाव सोबत आलं असतं.

नोटीस आणि संप यांत किमान १४ दिवस असतात. त्या दिवसांत बीपीएमनं काय करायचं, हे नुसत्या घोषणा देणारे सांगत नाहीत. आदल्या संध्याकाळी रोकड किमान मर्यादेपर्यंत आणून उरलेली थैलीत परत पाठवायची. सरकारी रोकड घरात ठेवून संपावर बसलात आणि तपासणीत शंभर रुपये कमी निघाले, तर तो संप राहत नाही, अफरातफर होते. हातातली स्पीड पोस्ट आणि पार्सलं वाटून संपवायची, न वाटलेली शेऱ्यासह परत करायची. लोकांची पासबुकं ठेवून घेतली असतील तर देऊन टाकायची. शिक्का, मोबाईल, बायोमेट्रिक यंत्र यांची यादी करून ठेवायची, कुणी ताबा घ्यायला आला तर पावतीशिवाय द्यायचं नाही.

गावानं काय करायचं: आरडी कुठल्याही संगणकीकृत पोस्टात भरता येते, त्यामुळे पासबुक घेऊन सब-पोस्ट गाठा. शाखेतून दिवसाला २०,००० पर्यंत काढता येतात. औषधपाण्याचे आधीच काढून ठेवा, पण दोन दिवस आधी सांगा, कारण शाखेत तेवढी रोकड पडून नसते.

आंबोलीकर:
आणि वकिलांनी? चेक परत आल्यावर ३० दिवसांत नोटीस द्यायची असते. गावाकडच्या पत्त्याचं पाकीट सब-पोस्टात संपभर पडून राहिलं तर पोहोचल्याची तारीख पुढे जाते आणि तिथून मोजायचे, चेक देणाऱ्यानं पैसे भरायचे १५ दिवसही. पाठवल्याची पावती मुदतीतली असली की बरंच काम भागतं, तरी शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर 'रजिस्ट्रेशन'ची जादा सेवा मागून घ्या.

लाखसील, तुमचा ओसरीचा मुद्दा पटला. पण मग तोच तुमच्या संपालाही लागू होतो ना? संपात तरी ती म्हातारी दारात येणारच.

लाखसील:
येणार. पण तेव्हा दाराला संघटनेचा कागद लावलेला असतो. पाच तासांनंतर शटर ओढणारा एकटा असतो, आणि मेमो त्याच्या एकट्याच्या नावानं येतो. फरक एवढाच आहे. तुम्हाला तो लहान वाटत असेल तर २०१८च्या आधीचं ते दीड वर्ष पुन्हा वाचा.

हिशेबनीस:
वाचलंय. माझी अट तीच. सोळा तारखेला सुरू करा, पुढच्या पाच तारखेआधी बोलणीला बसा, आणि दंडमाफी पहिल्या पानावर घ्या. मग मी विरोधात लिहिणार नाही. बाजूनं लिहीन, असंही नाही.