सेफ्टी स्टॉक काढताना लीड टाइमचा चढउतार कसा धरता?

मंडळी, मदत हवी आहे. खरेदी विभागात सेफ्टी स्टॉकचं, म्हणजे माल कमी पडू नये म्हणून राखायच्या जादा साठ्याचं गणित नव्याने बसवतोय. सध्याचं सूत्र साधं आहे: झेड (सर्व्हिस लेव्हलवरून ठरणारा गुणक) गुणिले रोजच्या मागणीचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीभोवतीचा चढउतार) गुणिले लीड टाइमच्या (ऑर्डरपासून माल येईपर्यंतच्या) दिवसांचं वर्गमूळ. ९५ टक्के सर्व्हिस लेव्हलला, म्हणजे शंभरपैकी ९५ वेळा माल कमी पडू नये यासाठी, झेड १.६५. पण यात पुरवठादार दर वेळी ठरल्या दिवशीच माल देतो असं गृहीत आहे. (असा कुणाकडे असेल तर नक्की सांगा!)

लीड टाइमचा चढउतार धरणारं मोठं सूत्र लावलं, की आयात मालाचा साठा इतका फुगतो की फायनान्सवाले सही करणार नाहीत. माल लवकर आला तर चार दिवस आधी, उशीर झाला तर महिनाभर उशिरा. अशा एका बाजूला कललेल्या आकड्यांना स्टँडर्ड डेव्हिएशन लावणंच मला पटत नाही.

तुम्ही काय करता? जुन्या नोंदींवरून थेट ९५वं पर्सेंटाइल (९५ टक्के वेळा माल ज्याच्या आत आला तो आकडा) घेता का? आणि लीड टाइम मोजायचा कुठून, पीओ (खरेदीची ऑर्डर) पाठवल्यापासून की पुरवठादाराने स्वीकारल्यापासून? आमच्याकडे या दोन तारखांतच बरंच अंतर पडतं.

एक्सेलमध्ये जमेल असंच सुचवा, नवं सॉफ्टवेअर मिळायची आशा नाही.