प्रॅक्टिकलमधून ब्युरेट काढून टाकायची का?

महालातली मास्तरीण
आमच्या कॉलेजात पुढच्या वर्षापासून बीएस्सीची निम्मी टायट्रेशनं (ब्युरेट या खुणांच्या, तोटीवाल्या काचनळीतून द्रावण थेंब थेंब सोडून पदार्थ किती आहे ते काढणं) संगणकावर करून घ्यायचं चाललं आहे. माउसने तोटी उघडायची, पडद्यावर रंग बदलला की रीडिंग लिहायचं. कारणं अशी दिली: काच फुटते, रसायनं महाग झाली, आणि बाहेर सगळं यंत्रावरच होतं. मी तेवीस वर्षं हे प्रॅक्टिकल घेते आहे. माझा याला ठाम विरोध आहे.

पाण्याच्या कठीणपणाचंच घ्या, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार किती ते काढायचं. विहिरीचं 50 मिली पाणी, अमोनियाचं बफर (पोरं नाक दाबतात), चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून कुठे थांबायचं ते सांगणारा दर्शक). पाणी कोकमाच्या सरबतासारखं होतं. मग ते क्षार पकडणारं ईडीटीए हे रसायन थेंब थेंब सोडायचं, ते निळं होईपर्यंत. मध्ये एक जांभळी छटा येते आणि अर्धी पोरं तिथेच थांबतात. त्यांच्यामागे उभी राहून मी म्हणते, अजून एक थेंब टाक. लालीचा शेवटचा अंश गेला की मगच वाचायचं. तीन रीडिंग 0.1 मिलीच्या आत जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही. आपण काढलेला आकडा चुकीचा असू शकतो हे पोराला तिसऱ्या रीडिंगला कळतं. पडद्यावर तिन्ही आपोआप जुळतात.

1920 साली सायन्स काँग्रेस आपल्या नागपुरात भरली होती, अध्यक्ष होते रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय. बंगाल केमिकल या स्वतःच्या कारखान्याच्या सुरुवातीच्या दिवसांत गुरांच्या हाडांपासून फॉस्फेट काढणारा माणूस! पुढे 1942 ला रावबहादूर लक्ष्मीनारायणांच्या देणगीतून एलआयटी ही आपल्या नागपूरची तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. मँगनीजच्या खाणीतला पैसा त्यांनी रसायन शिकवायला दिला. त्याच शहरात आपण पोरांच्या हातातली ब्युरेट काढून घ्यायची?

बुटीबोरी_क्यूसी
मॅडम, आदर आहे, पण पटत नाही. अकरा वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये आहो. नवीन पोरगा येते, त्याला एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र) कोणता कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, लावायचा ते माहीत नसते, ग्राफमधले दोन पीक (उंचवटे) वेगळे कसे करायचे ते माहीत नसते. एंड पॉइंटचा, म्हणजे टायट्रेशन जिथे थांबवायचं तिथला रंग मात्र पाठ. सहा महिने आम्हीच शिकवून राहिलो. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम. ते ब्युरेटने पकडून दाखवा. पोरांना नोकरी लागली पाहिजे, हे पण आपलंच काम आहे ना?

महालातली मास्तरीण
भाऊ, आर्सेनिक ब्युरेटने सापडत नाही, मान्य. पण तुमच्या यंत्राला ज्या द्रावणाशी ताडून पाहता, ते द्रावण कोणीतरी हाताने वजन करून, फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरूनच बनवतं ना? ते चुकलं तर यंत्र चुकीचाच आकडा चार दशांश स्थळांपर्यंत देईल.

रामटेककर
रायांपर्यंत कशाला जाता, आमच्या रामटेकला जुना रसायनाचार्य नागार्जुन याची टेकडी आहे. पारा आणि गंधक खलून कज्जली करायची विद्या आपल्याकडे किती जुनी! तेव्हा कुठे होते संगणक?

डॉक्टरेट_अंबाझरी
दादा, नागार्जुन टेकडीवर राहत होता ही परंपरा आहे, पुरावा वेगळा लागतो. रायांनी स्वतः जुन्या रसग्रंथांच्या पोथ्या वाचून हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला, 1902 आणि 1909 मध्ये. राजस्थानात जावरला जस्ताची वाफ काढायची मातीची नळकांडी ढिगांनी सापडली आहेत, तो मात्र पक्का पुरावा.

आता मूळ मुद्दा. मॅडम, माझाही तुम्हाला विरोध आहे, पण कारण नोकरीचं नाही. मी बीएस्सी जिथे केलं (नाव घेत नाही) तिथे सीओडीचं (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायचं) प्रॅक्टिकल दरवर्षी व्हायचं. त्यात डायक्रोमेट, सिल्व्हर सल्फेट आणि पाऱ्याचं सल्फेट. तीस पोरं, तीस फ्लास्क, आणि संपलं की सगळं नारिंगी-हिरवं पाणी बेसिनमध्ये. नाग नदी किती घाण आहे हे मोजायला शिकत होतो आणि पारा गटारात सोडत होतो. मला आजही त्याची लाज वाटते. क्लोराइड मोजायच्या मोर पद्धतीच्या टायट्रेशनमधलं क्रोमेटही कर्करोगकारक. हे प्रयोग पडद्यावर गेले तर माझी काही हरकत नाही.

धरमपेठची सून
मी बीएस्सी करून घर सांभाळते, म्हणून लिहू की नको असं वाटत होतं. मागच्या उन्हाळ्यात फिल्टर विकणारा मुलगा दारी आला. नळाच्या पाण्याचा आणि त्याच्या फिल्टरच्या पाण्याचा ग्लास ठेवला, दोन्हीत वायरीचे दांडे घालून वीज सोडली. आमचं पाणी मिनिटात तपकिरी गढूळ. सासूबाई घाबरल्या. मी दांडा उचलून पाहिला तर लोखंडाचा, टोक खाल्लेलं. तो गाळ पाण्यातला नव्हता, दांड्याचाच होता. फिल्टरच्या पाण्यात क्षारच नाहीत म्हणून वीज वाहिली नाही, म्हणून ते स्वच्छ दिसलं. मी नळाच्या पाण्याचा दांडा पुसून, त्याच्या फिल्टरच्या पाण्याच्या ग्लासात मीठ टाकून परत लावायला सांगितलं. तेही तपकिरी झालं. हे मला कोणत्या पडद्याने शिकवलं नसतं.

निवृत्त_लॅबवाला
सूनबाई, शाबास!
पाण्यावरून आठवलं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते कमी करायची नलगोंडा पद्धत आपल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची. तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर. ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून घ्यायचं. बादलीतसुद्धा होते. मात्र तुरटी किती हे त्या गावच्या पाण्याचं फ्लोराइड आणि अल्कलिनिटी (आम्ल जिरवायची पाण्याची क्षमता) काढूनच ठरतं. अल्कलिनिटी आजही टायट्रेशननेच काढतात.

बुटीबोरी_क्यूसी
काका, पद्धत चांगली, पण तुरटीमुळे पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उरू शकते. त्याची कमाल मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम. ते मोजायला शेवटी यंत्राकडेच यावं लागते. मी ब्युरेटच्या विरोधात नाही. माझं म्हणणं इतकंच, तास तेवढेच आहेत. तुम्ही टायट्रेशन पूर्ण ठेवता, मग यंत्र कोणत्या तासाला शिकवता?

महालातली मास्तरीण
दोन दिवस विचार करून लिहिते आहे. पाऱ्याचा मुद्दा अंबाझरीच्या ताईंचा बरोबर आहे. आमच्याकडेही ते बेसिनमध्येच जात होतं. सीओडी आणि मोर पडद्यावर जाऊ द्या, मीच तसं लिहून देते. आणि भाऊ, तासाचं म्हणाल तर सॉल्ट अ‍ॅनालिसिसमधलं हायड्रोजन सल्फाइड वायू द्रावणात सोडून धातू ओळखायचे गट काढून टाका. तो वायू विषारी, आणि आमच्या हूडचा (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा) पंखा कधीचा बंद आहे. त्यातून चार प्रॅक्टिकलं मोकळी होतात. ती यंत्राला द्या.
पण ईडीटीए, आम्ल-आम्लारी आणि परमँगनेट ही तीन हातानेच झाली पाहिजेत, प्रत्येकाची ब्युरेट वेगळी. दोघांत एक चालणार नाही. एक जण सोडतो आणि दुसरा नुसता लिहितो.

डॉक्टरेट_अंबाझरी
परमँगनेट 50 ऐवजी 10 मिलीच्या ब्युरेटवर करा, रसायन पाचपट कमी लागेल.

बुटीबोरी_क्यूसी
चार प्रॅक्टिकलं कमी पडतील, सहा पाहिजेत. पण चार मिळत असतील तर मी शनिवारी येऊन शिकवतो मॅडम, मानधन नको. येताना आमच्या बोअरचं पाणी आणतो. पोरांना आधी हाताने काढू द्या, आकडा मी नंतर सांगीन.