गगनबावड्याकडं बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभर पुरत नाहीत, इन्सुलिन तर मिळतच नाही. काय करता येईल?

वाडीवरचा: बीपी-शुगरच्या माणसांना उपकेंद्रातून तीस दिवसांऐवजी दहा दिवसांच्या गोळ्या, नाहीतर "पुढच्या आठवड्यात या". इन्सुलिनसाठी ५५ किलोमीटरवर कोल्हापूर. तिथला डॉक्टर ब्रँड लिहितो, तो इथल्या मेडिकलला नसतो. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर गोळीपेक्षा जायचा-यायचा खर्च जास्त. मग लोक एक दिवसाआड गोळी खातात. स्वस्तात औषध कसं जुळवायचं, उपकेंद्रात साठा का टिकत नाही आणि पावसाळ्यात इन्सुलिनचं काय करायचं? सहानुभूती नको, करता येईल ते सांगा.

गोळीवाला: आधी चिठ्ठी. पाकिटावर ब्रँडखाली बारीक अक्षरात कंटेंट, म्हणजे औषधाचं मूळ नाव, असतो. तो, मिलिग्रॅम आणि नावामागचं शेपूट (एसआर, ईआर, एक्सएल) असं तिन्ही कागदावर उतरवा. शेपूट विसरू नका. साधी मेटफॉर्मिन ५०० आणि एसआर ५०० एक नव्हे. एसआर गोळी कुटून दिली की हळूहळू सुटणारं औषध एकदम अंगात उतरतं.

'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर कंटेंट टाकला की दर आणि जवळचं केंद्र दिसतं. केंद्र दिसलं म्हणजे माल आहे असं नाही, फोन करूनच निघा. टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ ची एकत्र गोळी नसेल, तर दोन सुट्या चालतील का ते डॉक्टरकडून लिहूनच आणा. फिटच्या आणि थायरॉईडच्या गोळ्यांची कंपनी मात्र दर महिन्याला बदलू नका. फिटच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण थोडं घसरलं तरी फिट येऊ शकते.

पैसे कमी असतील तर पाकीट कापून मागा. औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ प्रमाणे सुट्या गोळीला पाकिटाच्या हिशेबापेक्षा जास्त दर लावता येत नाही, आणि दुकानात असलेलं औषध गिऱ्हाइकाला नाकारताही येत नाही. फक्त बॅच नंबर आणि एक्स्पायरीची कड बहुतेक वेळा दुकानातच राहते, म्हणून दोन्ही बिलावर लिहून घ्या.

साठा-नोंदवही: साठ्याचं दुखणं रजिस्टरात आहे. मागणी मागच्या खपावर निघते. गोळ्या संपल्यावर परत पाठवलेला माणूस कुठं चढतच नाही, खप कमी दिसतो आणि पुढची मागणीही तेवढीच जाते. वर्षानुवर्षं हेच चालतं.

त्यासाठी आशाताईंकडून यादी करून घ्या: नाव, कंटेंट, मिलिग्रॅम, रोजच्या गोळ्या. समजा अ‍ॅम्लोडिपिन ५ रोज एक घेणारे १८ जण आहेत. महिन्याला ५४०, तिमाहीला १,६२०, वर एक महिन्याची शिल्लक धरून २,१६०. हा आकडा पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) एमओंना, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांना, लेखी द्या, पोच घ्या, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. नुसतं "औषध मिळत नाही" असं लिहिलेला अर्ज फाइलला लागतो, बाकी काही होत नाही. तोवरची तूट रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करून भरता येते, हे अर्जात आवर्जून लिहा.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय, वैद्यकीय शिक्षण विभागाकडं येतं, त्यामुळं तिथं लिहिलेली गोळी पीएचसीत असेलच असं नाही. म्हणून केस पेपर हातात असतानाच तिथल्या डॉक्टरला विचारा, "पीएचसीत मिळेल असं लिहून देता का?" बऱ्याच जणांचं काम अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिनवर भागतं. हा एक प्रश्न विचारला तरी बरेच हेलपाटे वाचतील.

थंड डबा: इन्सुलिनचा हिशेब असा. १० मिलीची, मिलीला ४० युनिटची बाटली म्हणजे ४०० युनिट. सकाळी २० आणि रात्री १२ घेणाऱ्याला महिन्याला ९६० लागतात, म्हणजे तीन बाटल्या. न फोडलेली २ ते ८ अंशात, फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. एकदा गोठली की वितळल्यावर चांगली दिसली तरी टाकून द्यायची. फोडल्याची तारीख बाटलीवर लिहा, २८ दिवसांनी उरलेली टाकून द्या.

फ्रीज नसेल तर मातीच्या मडक्यात मडकं, मध्ये ओली वाळू. उन्हाळ्यात हे छान चालतं. गगनबावड्याच्या पावसात हवाच ओली असते, पाणी उडत नाही, मडकं फारसं गार होत नाही. पण तेव्हा बाहेरच गारवा असतो, त्यामुळं फोडलेली बाटली चुलीपासून लांब सावलीत ठेवली तरी भागतं.

वाडीवरचा: मेडिकलवाल्यानं नारंगी टोपणाची सिरिंज दिलीय. चालेल?

थंड डबा: नाही! ४० च्या बाटलीला लाल टोपण, नारंगी १०० साठी. नारंगीत २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर ०.२ मिली येतं, म्हणजे ८ युनिटच, साखर चढत जाते. उलट चूक जास्त वाईट: पेनच्या १०० च्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजनं २० पर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात. घाम, थरथर, मग शुद्ध हरपते. आजच बदलून घ्या.

साठा-नोंदवही: आणि साठा मे अखेरलाच भरा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी बघत बसू नका. तोवर वाटेतल्या मांडुकलीला रस्त्यावर पाणी येऊन तुमची एसटी बंद झालेली असू शकते.